ड्यूशेन स्नायुक्षय : एका आनुवंशिक व्याधीच्या संशोधनाचा इतिहास (१८५१ ते २०२५)

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास बहुधा विजयांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. देवीची लस, पेनिसिलीन, पोलिओचे उच्चाटन हे त्यातील ठरलेले टप्पे होत. परंतु ज्या व्याधींचे निदान झाले, कारण सापडले, कारणामागील रेणूही हाती लागला, आणि तरीही रोगी बरा झाला नाही, अशा व्याधींचा इतिहास फारसा लिहिला जात नाही. ड्यूशेन स्नायुक्षय ही अशीच एक व्याधी आहे. मुलगा चालायला उशिरा लागतो, वारंवार पडतो, जिना चढताना कठड्याला धरतो; त्याच्या पोटऱ्या मात्र भरदार दिसतात, त्यामुळे घरच्यांना प्रारंभी शंकाही येत नाही. बाराव्या वर्षाच्या सुमारास, पुष्कळदा त्याआधीच, चालणे थांबते. पुढे श्वसनाचे व हृदयाचे स्नायू दुर्बळ होत जातात. सुमारे साडेतीन ते पाच हजार नवजात मुलग्यांमागे एकाला ही व्याधी होते.

या व्याधीच्या संशोधनाचा पावणेदोनशे वर्षांचा प्रवास तपासणे, त्या अनुषंगाने इतर आनुवंशिक व संपादित स्नायुविकारांच्या संशोधनाचा मागोवा घेणे आणि ‘शोध’ व ‘उपचार’ यांमधील अंतर का पडले याची मीमांसा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

मेरियन आणि ड्यूशेन : नावाचा प्रश्न

या व्याधीला फ्रेंच चेतातज्ज्ञ गियोम ड्यूशेन (१८०६–१८७५) यांचे नाव मिळाले असले, तरी तिचे पहिले समर्थ वर्णन त्यांचे नाही. १८३० मध्ये चार्ल्स बेल यांनी आणि १८३६ मध्ये नेपल्स येथे गाएतानो कोन्ते यांनी अशा रुग्णांची नोंद केली होती. कोन्ते यांना हा क्षयरोगाशी संबंधित गंडमाळेचा प्रकार वाटला. खरा टप्पा येतो तो १८५१ च्या डिसेंबरमध्ये. लंडनच्या रॉयल मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीपुढे एडवर्ड मेरियन यांनी एक निबंध वाचला आणि पुढील वर्षी तो प्रसिद्ध झाला. त्यात भाऊ आजारी आणि बहिणी निरोगी अशा कुटुंबांची हकिकत होती. मेरियन यांनी मृत मुलाचे शवविच्छेदन केले, मज्जारज्जू तपासला आणि तो निर्दोष असल्याचे नमूद केले. त्यानंतर स्नायूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. स्नायुतंतूंचे आवरण ठिकठिकाणी फाटलेले, नष्ट झालेले त्यांना दिसले.

या निरीक्षणाचे मोल आज कळते. त्या काळी पक्षाघातासारख्या सर्व दुर्बलतांचे मूळ मेंदूत किंवा मज्जारज्जूतच असणार, असा वैद्यकाचा दृढ समज होता. मेरियन यांनी दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या : दोष चेतासंस्थेत नसून स्नायूतच आहे, आणि स्नायूतही तो त्याच्या आवरणात आहे. १८६४ च्या ग्रंथात त्यांनी व्याधी स्त्रियांमार्फत संक्रमित होते आणि मुलग्यांना ग्रासते हेही मांडले. तरीही त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ नाहीसे झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकीय आनुवंशिकीतज्ज्ञ ॲलन एमरी यांनी या व्याधीच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला (१९९५), तेव्हा त्याच्या उपशीर्षकातच ‘मेरियनचा रोग’ असा पर्याय दिला. एमरी यांचा हा आग्रह रास्त आहे. व्याधीचे नाव आता बदलणार नाही हे उघड असले, तरी इतिहासाने आपली नोंद दुरुस्त करायला हरकत नसावी.

ड्यूशेन यांच्या बाजूनेही पुष्कळ सांगता येते. बुलोन या बंदराच्या गावी दर्यावर्दी कुळात जन्मलेला हा वैद्य १८४२ मध्ये पॅरिसला आला. कोणत्याही रुग्णालयात त्याला नियमित पद नव्हते. विजेचे यंत्र घेऊन तो एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हिंडत असे आणि विद्युत्प्रवाहाने एकेक स्नायू उद्दीपित करून त्याचे कार्य नोंदवीत असे. १८६१ मध्ये त्याने या व्याधीचे वर्णन केले, मात्र तिचे कारण मेंदूत आहे असे मानले. मेरियन यांनी दहा वर्षांपूर्वी जे नाकारले होते, तेच हे! १८६८ मध्ये तेरा रुग्णांच्या आधारे त्याने आपले मत बदलले. मधल्या काळात त्याने एक उपकरण तयार केले होते : जिवंत रुग्णाच्या स्नायूत खुपसून त्याचा कण बाहेर काढणारी पोकळ सुई. रुग्ण जिवंत असताना, वेगवेगळ्या वयात, त्याच स्नायूत काय बदल होतात हे पाहण्याची सोय त्यामुळे प्रथमच झाली. छायाचित्रांचा उपयोगही त्याने केला. मेरियन यांनी मृत्यूनंतरचे चित्र पाहिले. ड्यूशेनने व्याधीची चाल पाहिली. शार्को यांच्यासारखा तत्कालीन थोर वैद्य त्याला आपला गुरू म्हणवीत असे, आणि नावाच्या प्रश्नात याही गोष्टीचा वाटा मोठा असावा. लंडनमधील मेरियनच्या पाठीमागे असा कोणी नव्हता.

मातृकुळ आणि दोष

१८७९ मध्ये लंडनच्या पक्षाघात व अपस्मार रुग्णालयात विल्यम गॉवर्स यांनी या व्याधीवर व्याख्याने दिली. पूर्वी नोंदलेले आणि स्वतः पाहिलेले मिळून २२० रुग्ण त्यांच्यापुढे होते. जमिनीवरून उठताना मुलगा हात आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकवीत जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो, या लक्षणाला आजही गॉवर्स यांचे नाव आहे. एकाच आईला दोन विवाहांपासून झालेले मुलगे आजारी, परंतु पित्याच्या बाजूला व्याधीचा मागमूस नाही, अशा प्रकारच्या वृत्तांतांवरून व्याधी मातृकुळातून येते हे त्यांनी ठामपणे मांडले.

मेंडेलचे सिद्धान्त पुन्हा उजेडात येण्यापूर्वीचे हे अनुमान अचूक होते. पुढे एक्स-गुणसूत्राची संकल्पना आली आणि त्याचा खुलासा झाला. स्त्रीला दोन एक्स-गुणसूत्रे असल्याने एक सदोष असले तरी दुसरे बहुधा भागवते. मुलग्याला पर्याय नसतो. शास्त्रीय भाषेत ‘वाहक’ हा शब्द तटस्थ आहे. कुटुंबात तो तसा राहत नाही. सुनेच्या माहेरातून रोग आला, या एका वाक्यात किती जणींचे आयुष्य होरपळले असेल याची नोंद कोणत्याही नियतकालिकात सापडणार नाही. म्हणूनच जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९३५ मध्ये रक्तस्रावी प्रवृत्तीच्या रोगासंदर्भात मांडलेल्या गणिताचा येथे उल्लेख आवश्यक ठरतो. ज्या एक-एक्सजन्य व्याधीत पुरुष संतती न होताच दगावतात, त्या व्याधीचे प्रमाण पिढ्यानुपिढ्या टिकून राहायचे असेल, तर सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत दोष नव्यानेच उद्भवलेला असला पाहिजे. याचा अर्थ असा की, तीनांपैकी एका मुलाच्या बाबतीत आई वाहक नसतेच. हे हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.

वर्गीकरणाचे युग

गॉवर्स यांच्यानंतरची सत्तर-पंच्याहत्तर वर्षे नावे ठेवण्यात व वर्ग पाडण्यात गेली. हायडेलबर्गचे विल्हेल्म एर्ब यांनी १८९१ पर्यंत या सर्व विकारांना ‘प्रगामी स्नायुक्षय’ या एका छत्राखाली आणले. लाँदुझी व देजेरीन यांनी चेहरा व खांदे यांपासून सुरू होणारा प्रकार वेगळा काढला. १९०९ मध्ये श्टाइनर्ट यांनी ताठरतेसह होणारा स्नायुक्षय वर्णिला. १९५४ मध्ये वॉल्टन व नॅट्रस यांनी केलेली मांडणी दीर्घकाळ प्रमाण राहिली. १९५५ मध्ये पेटर एमिल बेकर यांनी ड्यूशेन प्रकारासारखाच, पण उशिरा सुरू होणारा व सौम्य असा प्रकार दाखवून दिला. हे बेकर नात्सी पक्षाचे सदस्य राहिलेले होते आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी जर्मनीतील वंशशुद्धीच्या विचाराचा इतिहास लिहिला. आनुवंशिकीचा इतिहास या सावलीखेरीज लिहिता येत नाही.

या काळातील एक शोध मात्र निराळ्या जातीचा होता. १९५९ मध्ये जपानमध्ये सेत्सुरो एबाशी व सहकाऱ्यांनी दाखविले की, या रुग्णांच्या रक्तात क्रिएटिन कायनेज हे विकर प्रचंड वाढलेले असते. ते विकर स्नायूच्या आत असायला हवे. रक्तात आले ते स्नायूतून गळून. आवरण गळते आहे, असे एका साध्या रक्तचाचणीने सांगितले. तरीही पुढची पंचवीस वर्षे कोणी रक्तपुरवठ्यात, कोणी चेतातंतूंत कारण शोधीत राहिले. मेरियनचा निबंध तेव्हा ग्रंथालयात उपलब्ध होता.

जनुकाचा शोध

१९८० च्या दशकात प्रश्नाची दिशाच उलटली. तोवर रोगाचे कारण असलेले प्रथिन आधी सापडे व त्यावरून जनुक शोधला जाई. येथे प्रथिन अज्ञात होते. तेव्हा गुणसूत्रावरील जागा आधी ठरवायची, तेथून जनुक काढायचा आणि जनुकावरून प्रथिनाचा अंदाज बांधायचा, अशी रीत अवलंबिण्यात आली.

जागेचा सुगावा अपवादांनी दिला. क्वचित एखाद्या मुलीलाही ही व्याधी झालेली आढळे. अशा मुलींत एक्स-गुणसूत्र तुटून त्याचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेला असे, आणि तुटण्याची जागा दरवेळी एकच, म्हणजे एक्स-गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील ‘पी-२१’ हा पट्टा. १९८२–८३ मध्ये ब्रिटनमध्ये के डेव्हिस व सहकाऱ्यांनी कुटुंबांच्या अभ्यासातून याच जागेला पुष्टी दिली. टोरोंटोचे रोनाल्ड वॉर्टन यांनी अशाच एका मुलीच्या पेशींत तुटलेला एक्स-तुकडा एकविसाव्या गुणसूत्रावरील परिचित जनुकांना चिकटला असल्याचा लाभ घेतला आणि त्या परिचित खुणेवरून शेजारचा अपरिचित भाग गाठला.

बोस्टनमध्ये लुई कुंकेल यांच्या हाती आणखी एक अपवाद होता. एका मुलाला स्नायुक्षयासह आणखी तीन आनुवंशिक व्याधी होत्या, कारण त्याच्या एक्स-गुणसूत्राचा एक मोठा भागच गळाला होता. कुंकेल यांनी निरोगी व्यक्तीच्या डीएनएतून या मुलाचा डीएनए ‘वजा’ केला. जे उरले, ते या मुलापाशी नसलेले तुकडे. त्यांपैकी एक तुकडा इतर स्नायुक्षयी मुलांतही गळालेला निघाला. येथे कुंकेल यांनी केलेली गोष्ट तंत्राइतकीच महत्त्वाची आहे. त्यांनी हे तुकडे जगभरातील प्रयोगशाळांना वाटले आणि १९८६ मध्ये अनेक देशांतील संशोधकांच्या संयुक्त नावाने निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ॲंथनी मोनॅको व सहकाऱ्यांनी जनुकाचे अंश हाती घेतले. १९८७ अखेर एरिक हॉफमन, रॉबर्ट ब्राउन व कुंकेल यांनी प्रथिन ओळखले आणि त्याचे नाव ठेवले डिस्ट्रोफिन.

हा जनुक अवाढव्य निघाला. सुमारे २२ लाख आधारक-जोड्या, ७९ अर्थवाही खंड, आणि त्यापासून बनणाऱ्या प्रथिनात ३,६८५ अमिनो आम्ले. ज्ञात मानवी जनुकांतील अत्यंत लांब जनुकांपैकी हा एक होय. त्याची एक प्रत तयार करायला पेशीला सुमारे सोळा तास लागतात. एवढ्या लांब लेखात नव्याने चुका होण्याचे प्रमाण मोठे असावे यात आश्चर्य नाही.

डिस्ट्रोफिन स्नायुतंतूच्या आवरणाला आतून चिकटून असते, हे १९८८ मध्ये दिसून आले. पुढील दोन-तीन वर्षांत आयोवाचे केविन कॅम्पबेल यांनी दाखविले की, आवरणातील अनेक प्रथिनांचा एक समूह डिस्ट्रोफिनला तंतूबाहेरील जाळ्याशी जोडतो. प्रत्येक आकुंचनाच्या वेळी बसणारा ताण हा सांधा पेलतो. तो नसला की आवरण फाटते, कॅल्शियम आत शिरते, विकरे बाहेर गळतात, तंतू मरतो आणि त्याच्या जागी चरबी व तंतुमय ऊतक भरते. पोटऱ्या भरदार दिसतात त्या या कारणाने. याच समूहातील इतर प्रथिनांचे दोष कटी-स्कंध स्नायुक्षयाच्या काही प्रकारांना कारण होतात, हेही १९९४ पासून उघड होत गेले.

राहिला प्रश्न बेकर प्रकाराचा. जनुक एकच, मग एक व्याधी तीव्र आणि दुसरी सौम्य का? मोनॅको यांनी १९८८ मध्ये दिलेले उत्तर आनुवंशिकीतील अत्यंत सुबक उत्तरांपैकी एक होय. जनुकाचा लेख तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. ‘मदन सदन गमन पवन’ या ओळीतून ‘सदन’ हा अख्खा शब्द गळाला, तर ‘मदन गमन पवन’ उरते; एक शब्द गेला, पण पुढचे वाचता येते. केवळ ‘स’ हे एक अक्षर गळाले, तर वाचन ‘मदन दनग मनप’ असे होते आणि पुढे काहीच अर्थ उरत नाही. म्हणजे तुकडा किती मोठा गेला यापेक्षा वाचनाची चौकट टिकली की मोडली, याला महत्त्व. १९९० मध्ये याचा विलक्षण पुरावा मिळाला. डिस्ट्रोफिनचा सुमारे ४६ टक्के भाग गळालेला एक पुरुष वयाच्या ६१ व्या वर्षीही चालत होता. पुढील तीस वर्षांचे जनुकोपचार या एका माणसाच्या चालण्यावर उभे आहेत, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

संपादित विकार आणि पोम्पे व्याधी

जन्मतः नसलेल्या, पुढे जडलेल्या स्नायुविकारांचा इतिहास समांतर चालला. १८६३ मध्ये वाग्नर यांनी आणि १८८७ मध्ये उन्फेरिख्त यांनी स्नायुदाहाची व त्वचेसह होणाऱ्या स्नायुदाहाची वर्णने केली. १९७५ मध्ये बोहान व पीटर यांनी निदानाचे निकष दिले. येथे दोष रुग्णाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीत असतो. १९८० पासून एकेक प्रतिपिंड सापडत गेले आणि एक वाटणारा रोग अनेक रोगांत विभागला गेला. त्यांपैकी एक प्रकरण प्राध्यापकवर्गालाही जवळचे वाटावे : कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या स्टॅटिन औषधांनंतर फार थोड्या लोकांत, औषध बंद केल्यावरही न थांबणारा स्नायुनाश होतो. २०१०–११ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी दाखविले की, स्टॅटिन ज्या विकराला अडवते त्याच विकराविरुद्ध या रुग्णांचे शरीर प्रतिपिंडे निर्माण करते. या वर्गातील बऱ्याच विकारांवर स्टेरॉइड, प्रतिकारशामक औषधे व शिरेतून दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन यांचा उपयोग होतो. वृद्धांतील अंतर्विष्ट-पिंड स्नायुदाह मात्र याला अपवाद असून तो उपचारांना दाद देत नाही.

पोम्पे व्याधीचे उदाहरण येथे तुलनेसाठी घ्यावे लागते. डच विकृतिशास्त्रज्ञ योहान्नेस पोम्पे यांनी १९३२ मध्ये ग्लायकोजेन साचून स्नायू व हृदय निकामी झालेल्या बालकाचे वर्णन केले. नात्सीविरोधी प्रतिकारात सहभागी असल्याने १५ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपण्यास तीन आठवडे उरले असताना, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. १९६३ मध्ये एर्स यांनी कोणते विकर नाही ते शोधले आणि २००६ मध्ये ते विकर शिरेतून देण्याचा उपचार मान्य झाला. ड्यूशेनमध्ये तसे का करता आले नाही, हा प्रश्न साहजिक आहे. पोम्पे व्याधीतील विकर रक्तातून पेशीत ओढून घेतले जाते. डिस्ट्रोफिन मात्र पेशीच्या आतच तयार होऊन आतच बसावे लागते, आणि शरीराच्या वजनाचा मोठा भाग असलेल्या स्नायूंच्या प्रत्येक तंतूत.

शोधानंतरची चार दशके

१९८७ मध्ये उपचार आता दूर नाही, असे अनेकांना वाटले होते. निधीची उणीवही नव्हती. अमेरिकेत १९५० पासून आणि फ्रान्समध्ये १९५८ पासून रुग्णांच्या पालकांनी उभ्या केलेल्या संघटना काम करीत होत्या. फ्रान्समधील संघटनेची संस्थापक योलेन द केपर ही स्वतः अशा मुलांची आई होती. या संघटनेने १९८७ पासून दूरचित्रवाणीवरून जमविलेल्या पैशांतून जेनेथोन ही प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिने मानवी जनुकसंचाचे आरंभीचे नकाशे तयार केले. रुग्णांच्या पालकांनी मूलभूत विज्ञानाला दिलेली अशी देणगी विरळाच.

पहिला प्रयत्न निरोगी स्नायुपेशी टोचण्याचा झाला. उंदरांत तो यशस्वी ठरला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काटेकोर चाचणीत बारा मुलांना त्याचा लाभ झाला नाही. दरम्यान खरा फरक पडला तो साध्या गोष्टींनी. १९८९ मध्ये १०३ मुलांवरील चाचणीत प्रेडनिसोन या जुन्या स्टेरॉइडने शक्ती काही काळ टिकते, हे सिद्ध झाले. रात्रीच्या वेळी मुखवट्यातून श्वास देणारी यंत्रे आली. न्यूकॅसल येथील रुग्णांच्या नोंदींनुसार १९६० च्या दशकात मृत्यूचे सरासरी वय १४.४ वर्षे होते; १९९० नंतर श्वसनयंत्राचा आधार मिळालेल्यांत ते २५.३ वर्षे झाले. या आकड्यांची निष्पत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात जनुकाच्या शोधाचा वाटा जवळपास नव्हता.

वाचनाची चौकट पुन्हा जुळविण्याची कल्पना पर्थ व लायडन येथील गटांनी विकसित केली. सदोष खंडाशेजारचा आणखी एक खंड वगळायला लावला, तर ड्यूशेनचे रूपांतर बेकरमध्ये होईल, असा हा तर्क. एटेप्लिर्सेन हे औषध या तर्कावर आधारलेले. ते ५१ वा खंड वगळते आणि सुमारे १३ टक्के रुग्णांनाच लागू पडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीचा कौल विरोधात होता. बारा मुलांच्या मुख्य अभ्यासात साडेतीन वर्षांच्या उपचारानंतर डिस्ट्रोफिन सर्वसामान्याच्या एक टक्क्यालाही पोहोचले नव्हते. सुनावणीत पालकांनी आपल्या मुलांच्या हकिकती सांगितल्या. प्रशासनातील परीक्षकांचा विरोध डावलून १९ सप्टेंबर २०१६ रोजी औषधाला त्वरित मान्यता देण्यात आली. युरोपीय औषध संस्थेने २०१८ मध्ये ती नाकारली. एकच पुरावा, दोन निर्णय. पालकांची घाई समजण्याजोगी आहे, कारण त्यांच्या मुलाकडे पुढील चाचणीची वाट पाहण्याएवढा काळ नसतो. परंतु अपुऱ्या पुराव्यावर दिलेली मान्यता पुढील औषधासाठी मापदंड बनते, हे परीक्षकांचे म्हणणेही खोडून काढता येत नाही.

हाच पेच २०२३ मध्ये पुन्हा उभा राहिला. जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूत जेमतेम पाच हजार आधारकांची जागा असते. डिस्ट्रोफिनचा अर्थवाही लेखच अकरा हजारांचा. म्हणून ६१ व्या वर्षी चालणाऱ्या त्या पुरुषाचे उदाहरण पुढे ठेवून ‘सूक्ष्म-डिस्ट्रोफिन’ रचण्यात आले. डेलँडिस्ट्रोजीन मोक्सेपार्वोवेक या जनुकोपचाराला अमेरिकेत २२ जून २०२३ रोजी चार व पाच वर्षांच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. किंमत एका मात्रेस ३२ लाख डॉलर. त्याच वर्षी मोठ्या चाचणीचे मुख्य उद्दिष्ट संख्याशास्त्रीय कसोटीवर साध्य झाले नाही, तरी २०२४ मध्ये मान्यतेची व्याप्ती वाढविण्यात आली. २०२५ मध्ये चालू न शकणाऱ्या दोन किशोरवयीन मुलांचा उपचारानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. त्याच वर्षी युरोपीय समितीने प्रतिकूल मत दिले आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील मान्यता गंभीर इशाऱ्यासह केवळ चालू शकणाऱ्या रुग्णांपुरती मर्यादित करण्यात आली.

भारतातील स्थिती

भारतीय संशोधकांनी या क्षेत्रात दिलेली भर प्रामुख्याने निदानाच्या अंगाने आहे. लखनौ येथील सुनील प्रधान यांनी ड्यूशेन रुग्णांच्या खांद्याच्या पाठीमागे, हात उचलल्यावर उमटणाऱ्या खोलगट खुणेचे वर्णन केले. तिला कोणतेही यंत्र लागत नाही. मुंबईत सतीश खाडिलकर व सहकाऱ्यांनी अगरवाल समाजातील कटी-स्कंध स्नायुक्षयाचा अभ्यास केला. समाजांतर्गत विवाहांमुळे एकाच पूर्वजापासून आलेले, कॅल्पेन-३ या जनुकातील ठराविक दोष या समाजात वारंवार आढळतात. परिणामी अशा रुग्णात स्नायूचा तुकडा काढण्याऐवजी रक्ताच्या नमुन्यात हे मोजके दोष आधी पाहता येतात. जातिसंस्थेने वैद्यकाला पुरविलेली ही एक विचित्र सोय म्हटली पाहिजे.

दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्नायुक्षयाचा समावेश झाला. दुर्मीळ रोगांविषयीचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आले. ड्यूशेन स्नायुक्षय त्यातील तिसऱ्या गटात, म्हणजे उपचार उपलब्ध पण अत्यंत महाग अशा व्याधींत मोडतो. या धोरणाखाली २०२२ पासून एका रुग्णास ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. वर उल्लेखिलेल्या जनुकोपचाराची किंमत रुपयांत २६ कोटींच्या वर जाते. प्रेडनिसोलोनची गोळी मात्र काही रुपयांत मिळते, आणि मातेची वाहक-चाचणी देशातील मोठ्या शहरांत होऊ शकते. वाहक मातेच्या बहिणीला व मावशीच्या मुलींना ती चाचणी सुचविली जाते का, हे त्या कुटुंबाला निदान सांगणारा वैद्य किती वेळ देतो यावर आजही अवलंबून आहे.